रुग्णसेवा करणाऱ्याचे मन : थकवा, करुणा आणि साधना



आपल्या स्वाध्यायाला येणाऱ्यांपैकी बरेच जण रुग्णालयात काम करतात. कोणी डॉक्टर आहेत, कोणी सिस्टर किंवा ब्रदर, कोणी लॅबमध्ये रक्त तपासतात, कोणी औषधाच्या खिडकीवर उभे असतात, कोणी वॉर्डातले मामा-मावशी आहेत. ज्यांच्या घरात यांपैकी कोणीच नाही, त्यांनाही कधी ना कधी आपल्या माणसाच्या उशाशी बसून रात्र काढावी लागतेच. म्हणून आजचा पाठ आपल्या सर्वांसाठी आहे. रुग्णाची काळजी घेणाऱ्याच्या मनाचे काय होते आणि त्या मनाची काळजी कोणी, कशी घ्यायची, हा आजचा विषय.

एक रात्र

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. प्रसंग कल्पनेतला आहे, पण रुग्णालयात काम करणारा प्रत्येक जण तो ओळखेल.

मेडिकल वॉर्ड, रात्रपाळी. खाटा तीस, रुग्ण एक्केचाळीस. काही जण जमिनीवर गादी टाकून झोपलेले. ड्यूटीवर दोन सिस्टर. पहाटे पावणेचारला सतरा नंबरचे आजोबा गेले. छाती दाबून झाली, इंजेक्शने झाली, ईसीजीची सरळ रेघ काढून झाली. केसपेपर पूर्ण करायचे, नातेवाइकांना सांगायचे, नळ्या काढून देह स्वच्छ करून बांधायचा. एवढ्यात खालून कॅज्युअल्टीचा फोन आला, 'बेड आहे का?' सिस्टर म्हणाली, 'सतरा रिकामा झालाय, पाठवा.'

सकाळी बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आले की आजोबांचे नाव तिला आठवत नाही. तीन दिवस तिने त्यांना औषधे दिली, पाणी पाजले, कूस बदलून दिली. आठवत होता तो फक्त सतरा हा आकडा. तिला दुःख झाले नाही. दुःख झाले नाही याचीच तिला भीती वाटली. घरी येऊन आंघोळ करून ती नेहमीप्रमाणे देवासमोर बसली, पण मन लागेना. राहून राहून एकच प्रश्न मनात येत होता, 'माझी साधना कुठे कमी पडली?'

हा प्रश्न प्रामाणिक आहे. पण त्याचे उत्तर घाईने देऊ नये. घाईत दिलेले उत्तर, म्हणजे 'अजून ध्यान करा, सगळे ठीक होईल', अशा माणसाच्या खांद्यावर आणखी एक ओझे ठेवते. तर आधी हे काय आहे ते नीट समजून घेऊ.

सेवेतूनच सापडलेला शब्द

इंग्रजीत या अवस्थेला 'बर्नआउट' म्हणतात. आपण त्याला 'आतून विझत जाणे' म्हणू. हा शब्द या अर्थाने रूढ केला तो हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसतज्ज्ञांनी, १९७४ साली. ते न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करत होते. तिथले सहकारी बहुतांश स्वयंसेवक होते, पैशासाठी नव्हे तर तळमळीने आलेले. काही महिन्यांत हेच लोक चिडचिडे, थकलेले आणि कडवट होताना त्यांनी पाहिले. ते स्वतःही त्यातून गेले. त्यांचे निरीक्षण असे की, ज्याची निष्ठा जास्त, तोच या अवस्थेला आधी बळी पडतो.

साधकांनो, ही गोष्ट मनात ठेवा. हा शब्द कामचुकारांना पाहून सुचलेला नाही, सेवाभावी माणसांना पाहून सुचलेला आहे.

पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी या अवस्थेची तीन लक्षणे सांगितली. आजही जगभर तीच वापरली जातात.

१. भावनिक थकवा : झोप झाली तरी उतरत नाही असा थकवा. ड्यूटीवर जाण्याच्या विचारानेच पोटात गोळा येणे.

२. माणूस दिसेनासा होणे : समोरच्या रुग्णाचा 'बेड नंबर' किंवा 'ती किडनीची केस' होणे. बोलण्यात कोरडेपणा, कधी कुत्सितपणा येणे.

३. आपल्या कामाची किंमत न वाटणे : 'मी करते त्याने काय फरक पडतो?' असे सतत वाटणे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात याची नोंद केली. तिथे त्याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी स्थिती, असे म्हटले आहे. मूळ कामाच्या ठिकाणी आहे, हे त्या व्याख्येतच आले.

आता पुन्हा त्या सिस्टरकडे पाहा. नाव विसरणे हे दुसरे लक्षण आहे. त्यावरून तिचे मन दगड झाले असे म्हणता येत नाही. हाताला सतत चटके बसले की कातडी जाड होते, तसे मन स्वतःला वाचवू पाहत आहे. आणि ज्या अर्थी तिला त्याची भीती वाटली, त्या अर्थी आतला दिवा अजून तेवत आहे.

ताण येतो कुठून?

याची तीन उगमस्थाने पाहू.

पहिले शरीर. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला सांगितले आहे की, जो अति खातो किंवा मुळीच खात नाही, जो अति झोपतो किंवा अति जागतो, त्याला योग साधत नाही. आहार, विहार, झोप आणि जागरण ज्याचे प्रमाणात आहे, त्याचाच योग दुःख हरण करतो. हे लक्षपूर्वक वाचा. अति जागरणाने योग साधत नाही, असे शास्त्रच सांगते. मग छत्तीस तासांची सलग ड्यूटी करून आलेल्या निवासी डॉक्टरचे ध्यान लागले नाही, तर दोष त्याच्या श्रद्धेचा कसा?

विज्ञानही तेच सांगते. ऑस्ट्रेलियातील संशोधक डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये दाखवले की, सतरा तास सलग जागलेल्या माणसाची कामातली अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते आणि चोवीस तासांनंतर ती ०.१० टक्क्याच्या जवळ जाते. मद्य घेतलेल्या माणसाच्या हाती आपण आपली आई सोपवणार नाही. अति जागलेल्याच्या हाती मात्र रोज सोपवतो, आणि वर त्यानेच शांत राहावे अशी अपेक्षा करतो.

आपल्या देशात १९९२ मध्येच केंद्राने निवासी डॉक्टरांसाठी सूचना काढली होती. सलग काम बारा तासांपेक्षा जास्त नको आणि साधारणपणे आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, असे त्यात होते. पुढे २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करून आठवड्याला जास्तीत जास्त चौऱ्याहत्तर तास आणि एक सुट्टी अशी शिफारस केली. बत्तीस वर्षांनंतर अठ्ठेचाळीसऐवजी चौऱ्याहत्तरची शिफारस करावी लागते, यावरूनच प्रत्यक्षात काय चालते त्याची कल्पना यावी.

दुसरे उगमस्थान मन. रुग्णसेवेत केवळ कष्टाने माणूस मोडत नाही. काय करणे योग्य आहे हे माहीत असूनही ते करता येत नाही, तेव्हा तो जास्त मोडतो. अँड्र्यू जेमटन या अभ्यासकांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या संदर्भात या अवस्थेला वेगळे नाव दिले. मराठीत तिला 'नैतिक घुसमट' म्हणता येईल. दोन रुग्ण अत्यवस्थ आणि व्हेंटिलेटर एक. आजी हात धरून 'बस ना जरा' म्हणतात आणि पलीकडे सलाईन संपत आले आहे. गरीब बापाला बाहेरून आणायच्या औषधाची चिठ्ठी हातात द्यावी लागते. अशा वेळी काम संपले तरी ते मनातून उतरत नाही.

तिसरे उगमस्थान भीती. रुग्ण दगावल्यावर जमाव चालून येणे आता दुर्मीळ राहिलेले नाही. महाराष्ट्रात २०१० पासून त्यासाठी खास कायदा आहे. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवर हल्ला करणे हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही भीती गेली नाही. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्यात ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टर भगिनीच्या बाबतीत जे घडले, त्याने सारा देश हादरला. सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. विसाव्यासाठी टेकायला सुरक्षित खोली नसते, तिथे मनाला विसावा कुठून मिळणार?

चरकाचार्यांनी सांगितलेले चार पाद

या प्रश्नावर आपल्या परंपरेत फार जुना विचार झालेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद म्हणजे चार आधार सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रुग्ण. प्रत्येकाचे चार गुण, असे एकूण सोळा.

वैद्याला शास्त्राचे स्वच्छ ज्ञान हवे, अनुभव हवा, दक्षता हवी, शुचिता हवी. परिचारकाला शुश्रूषेची माहिती, दक्षता, रुग्णाविषयी ममत्व आणि शुचिता हवी. रुग्णाला आपल्या तक्रारीची नीट आठवण हवी, सांगितलेले ऐकण्याची तयारी हवी, धीर हवा आणि आपला त्रास सांगता यायला हवा. औषधाच्या गुणांतला एक आहे 'बहुता', म्हणजे ते पुरेशा प्रमाणात उपलब्ध असणे.

या मांडणीकडे नीट पाहा. चार पायांच्या खाटेचे दोन पाय मोडले, तर उरलेल्या दोन पायांनी कितीही धीर धरला तरी खाट तोलणार नाही. औषध पुरेसे नाही, परिचारक मोजके, रुग्ण आणि त्याचे घरचे घाबरलेले, आणि सगळा भार एकट्या डॉक्टरवर किंवा एकट्या सिस्टरवर; हे चरकांच्या दृष्टीने चिकित्सेचे अपूर्ण रूप आहे. म्हणून मनुष्यबळ वाढवा, पाळ्या नीट लावा, सुरक्षा द्या, असे म्हणणे म्हणजे कुरकुर नव्हे. मोडलेला पाय दाखवून देणे हाही सेवेचाच भाग आहे.

गीतेतला निष्काम कर्माचा उपदेश इथे अनेकदा चुकीच्या जागी वापरला जातो. 'फळाची अपेक्षा ठेवू नका' असे अर्जुनाला सांगितले, ते त्याच्या मनाच्या मुक्तीसाठी. दुसऱ्याला राबवून घेण्यासाठी तो उपदेश वापरता येत नाही. रुग्ण बरा होईलच ही आसक्ती सोडा, हे बरोबर. पण रजा मागू नका, जेवायला वेळ मागू नका, असा त्याचा अर्थ कोणी लावत असेल, तर तो अर्थ गीतेत नाही.

चार भाव, चार प्रसंग

त्याच अध्यायात चरकांनी वैद्याची वृत्ती चार प्रकारची सांगितली आहे : सर्वांविषयी मैत्री, पीडितांविषयी करुणा, बरे होऊ शकणाऱ्यांविषयी प्रीती, आणि ज्यांचे आयुष्य संपत आले आहे त्यांच्याविषयी उपेक्षा. पतंजलींच्या योगसूत्रांतही मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा हेच चार भाव चित्ताच्या प्रसन्नतेसाठी सांगितले आहेत. तिथे उपेक्षा आहे ती दुष्कृत्याविषयी. एकाने रुग्णाच्या उशाशी पाहिले आणि दुसऱ्याने साधकाच्या आसनावर, आणि दोघांना जवळजवळ एकच गोष्ट सापडली. हे चार भाव एकेक करून पाहू.

मैत्री. रुग्णाला नावाने हाक मारणे, हे तिचे सर्वांत सोपे रूप. त्याला वेगळा वेळ लागत नाही. 'सतरा नंबर, हात पुढे करा' आणि 'आजोबा, हात पुढे करा' यांना सारखाच वेळ लागतो. मैत्री सहकाऱ्यांशीही हवी. रात्रभर फरशी पुसणाऱ्या मावशींना 'चहा घेतला का?' एवढे विचारणे, हीदेखील मैत्रीच.

करुणा. इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. करुणा म्हणजे समोरच्याचे दुःख स्वतःच्या अंगावर घेणे, असे अनेकांना वाटते. मेंदूशास्त्रज्ञ तानिया सिंगर यांनी या विषयावर प्रयोग केले आहेत. बौद्ध भिक्षू मॅथ्यू रिकार त्यांत सहभागी झाले होते. मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपून त्यांनी आधी दुसऱ्याची वेदना फक्त स्वतःत अनुभवली. थोड्याच वेळात ते गळून गेले. मग त्यांनी त्याच दुःखितांविषयी 'यांचे भले होवो' हा भाव धरला, तेव्हा त्यांना उलट बळ मिळाल्यासारखे वाटले. पुढे सामान्य लोकांवरच्या प्रयोगांतही दिसले की, नुसत्या सहवेदनेने मन खचते आणि करुणेच्या अभ्यासाने सावरते. मेंदूत जागे होणारे भागही दोन्ही वेळा वेगळे असतात.

बुडणाऱ्याला वाचवायचे तर काठावर पाय रोवून हात द्यावा लागतो. त्याच्यासोबत बुडून उपयोग नाही. 'मला याचे दुःख सहन होत नाही' या वाक्यात लक्ष 'मला' या शब्दावर आहे. 'याचे दुःख कमी होवो, त्यासाठी मी आत्ता काय करू शकते?' या वाक्यात लक्ष रुग्णाकडे वळते. साधनेचे काम एवढेच की, मन पहिल्या वाक्यात अडकले की त्याला हळूच दुसऱ्याकडे आणणे.

मुदिता, म्हणजे आनंद. रुग्णालयात रोज कितीतरी लोक बरे होऊन घरी जातात. पण डिस्चार्जचा कागद हातात देताना आपले डोळे पुढच्या कागदाकडे असतात. गेलेला रुग्ण महिनाभर मनात राहतो, बरा झालेला दारातून बाहेर पडायच्या आत विसरला जातो. मन असा एकाच बाजूचा हिशेब लिहीत राहिले, तर ते दिवाळखोर होणारच. 'मी करते त्याने काय फरक पडतो?' या तिसऱ्या लक्षणावर मुदिता हे नेमके औषध आहे.

उपेक्षा. आजच्या मराठीत या शब्दाला हेळसांड असा अर्थ चिकटला आहे. मुळात 'उप' आणि 'ईक्ष्' मिळून हा शब्द होतो, म्हणजे जवळ राहून पाहणे. ज्याचे आयुष्य संपत आले आहे त्याच्याबाबत वैद्याने हे ओळखावे की, आता निसर्ग आपले काम करतो आहे. त्याला वाळीत टाकायचे नाही. त्याची वेदना कमी करायची, तोंडाला पाणी लावायचे, कूस बदलायची, पण 'मी हरलो' असे मनाला लावून घ्यायचे नाही. पतंजलींचा अर्थही इथे उपयोगी पडतो. भेदरलेला नातेवाईक वाटेल ते बोलून जातो, ते शब्द घरी घेऊन जाऊ नका. मात्र शिवीगाळ आणि हल्ला मुकाट्याने सोसणे, असा उपेक्षेचा अर्थ नाही. मन क्षुब्ध होऊ न देता लेखी तक्रार करता येते आणि ती करावी.

ड्यूटीवर करता येतील असे पाच अभ्यास

रुग्णालयात तासभर डोळे मिटून बसता येत नाही. म्हणून अभ्यास असा हवा, जो कामात मिसळून जाईल.

१. हात धुणे हीच साधना : जंतुनाशक द्रव हातांना चोळायला वीस ते तीस सेकंद आणि साबणाने हात धुवायला चाळीस ते साठ सेकंद लागतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका पाळीत हे कितीतरी वेळा होते. त्या वेळी श्वास सावकाश सोडा. मनात म्हणा, 'मागच्या रुग्णाचे ओझे इथे ठेवले, आता पुढच्याकडे मोकळ्या मनाने जाते.' वेगळा वेळ काढायची गरज नाही.

२. मृत्यूनंतर मिनिटभर मौन : अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातले परिचारक जोनाथन बार्टेल्स यांनी ही पद्धत सुरू केली. रुग्ण गेल्यावर सगळे जण हातातले काम थांबवून साधारण मिनिटभर शांत उभे राहतात. हा कोणाचा तरी बाप होता, कोणाची तरी आई होती, एवढे स्मरण करतात आणि ज्यांनी प्रयत्न केले त्यांचेही मनोमन आभार मानतात. प्रार्थना ज्याची त्याची, मौन सर्वांचे. एक मिनिटही कुठून आणायचे, असे कोणी म्हणेल. डॉ. अतुल गावंडे, ज्यांचे वडील मूळचे विदर्भातले, यांच्या पुढाकाराने शस्त्रक्रियेआधी क्षणभर थांबून एकमेकांची ओळख करून घेण्याची आणि ठरलेली यादी मोठ्याने वाचण्याची पद्धत आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत तपासली गेली. दिल्लीतले एक रुग्णालय त्यात होते. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलेले दिसले. थांबण्यात वेळ वाया जात नाही, हेच यातून दिसते.

३. मनाचाही हँडओव्हर : पाळी संपताना आपण पुढच्या सिस्टरला औषधे, सलाईन, तपासण्या सगळे सोपवतो. त्यानंतर गेटच्या बाहेर पाऊल टाकताना दोन क्षण थांबा आणि मनात म्हणा, 'माझ्या वाट्याचे मी केले. आता हे सारे परमेश्वराच्या आणि पुढच्या पाळीच्या हाती.' ज्यांचा ईश्वरावर विश्वास नाही त्यांनी नुसते 'पुढच्या पाळीच्या हाती' म्हटले तरी चालेल. तेही खरेच आहे.

४. मुदितेची वही : झोपण्यापूर्वी एक ओळ लिहा, आज कोणाला माझ्यामुळे थोडे बरे वाटले. 'लहान मुलाला सुई टोचताना तो रडला नाही' एवढेही पुरे.

५. चार जणांचा कट्टा : पंधरा दिवसांतून एकदा, चहा पिताना, सहकाऱ्यांनी एकमेकांचे ऐकायचे. सल्ला द्यायचा नाही, दोष काढायचा नाही. लंडनमध्ये मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात डॉक्टरांचे असे गट सुरू केले आणि पुढे ते अनेक देशांत पसरले. आपल्याकडे सत्संगाची सवय आहेच. मन मोकळे करायला जिथे भीती वाटत नाही, तोही सत्संगच.

समूहाचे बळ काय असते, ते मुंबईच्या केईएम रुग्णालयाने दाखवले आहे. १९७३ साली तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंतची जवळजवळ बेचाळीस वर्षे तिथल्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. एक पिढी निवृत्त झाली की दुसरी पुढे येत असे. इतकी वर्षे खाटेवर असूनही त्यांना शय्याव्रण होऊ दिला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयानेही घेतली. ही सेवा कोणा एकीच्या असामान्य त्यागावर उभी नव्हती. पाळीने, वाटून घेऊन केली म्हणूनच ती बेचाळीस वर्षे टिकली. आणि जिच्यासाठी ती करावी लागली, तिला तिच्याच कामाच्या जागी सुरक्षितता मिळाली नव्हती, हेही विसरता येत नाही.

साधना पुरेशी नसते तेव्हा

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आठवडेच्या आठवडे झोप न येणे, सतत रडू येणे किंवा काहीच न वाटणे, झोपेसाठी गोळ्या वा दारूचा आधार घ्यावा लागणे, 'आपण नसलेले बरे' असे विचार येणे, यांपैकी काही होत असेल तर फक्त ध्यान वाढवून भागणार नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. रुग्णाचा ताप अंगावर काढू नका असे आपण सांगतो, मग स्वतःच्या मनाचा ताप का अंगावर काढायचा? केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य मिळते आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आजच आपल्या मोबाईलमध्ये जतन करा, स्वतःसाठी नाही तर सहकाऱ्यासाठी.

आणि तुमच्या मंडळातल्या एखाद्याने 'मला उपचार चालू आहेत' असे सांगितले, तर 'तुम्ही तर इतकी वर्षे साधना करता, तरीही?' असे चुकूनही विचारू नका. त्या एका प्रश्नाने माणूस पुन्हा कधी बोलत नाही.

आपण नातेवाईक असतो तेव्हा

जे साधक रुग्णालयात काम करत नाहीत, त्यांच्यासाठी हा भाग.

रुग्णासोबत एकानेच थांबा, बाकीच्यांनी पाळी लावून घ्या. डॉक्टरांशी बोलायला घरातले एकच माणूस ठरवा. तीच माहिती पाच जणांनी पाच वेळा विचारली, तर तो वेळ कोणा दुसऱ्याच्या रुग्णाचा जातो. जुने केसपेपर आणि चालू औषधांची यादी जवळ ठेवा. चरकांनी रुग्णपक्षाकडून स्मरण आणि धीर यांची अपेक्षा केली आहे, ती ही. शंका असेल तर जरूर विचारा, तक्रार असेल तर योग्य ठिकाणी लेखी करा, पण आवाज चढवू नका. आणि जाताना फक्त डॉक्टरांचे नाही, ज्या मामांनी स्ट्रेचर ढकलले त्यांचेही आभार माना.

घरात कोणी रात्रपाळी करून येत असेल, तर त्या व्यक्तीची दिवसाची झोप रात्रीच्या झोपेइतकीच मानाची समजा. सून नाइट करून आली आहे आणि घरात मिक्सर चालू आहे, पाहुणे बसले आहेत, स्वयंपाकाची वाट पाहत आहेत, असे चित्र अजून अनेक घरांत दिसते. खोलीचा पडदा ओढून देणे, फोन बाजूला ठेवणे, ताट झाकून ठेवणे, ही त्या दिवसाची तुमची पूजा समजा.

चिंतनासाठी

- गेल्या महिन्यात मी कोणाला नावाऐवजी नंबराने, आजाराने किंवा कामाने ओळखले?
- माझ्या थकव्याचे किती कारण माझ्या मनात आहे आणि किती व्यवस्थेत? व्यवस्थेतल्या भागाबद्दल मी कोणाशी बोललो, बोलले का?
- बरा होऊन घरी गेलेला शेवटचा रुग्ण मला आठवतो का?
- माझ्या घरातल्या किंवा मंडळातल्या कोणत्या सेवाकर्मीला आज माझी एक हाक पुरेल?

या आठवड्यात वर सांगितलेल्या पाचांपैकी एकच अभ्यास निवडा आणि सात दिवस करा. पाचही एकदम धरू नका. दमलेल्या माणसाला साधनेचाही ताण नको.

आता शेवटी पुन्हा त्या सिस्टरकडे येऊ. 'माझी साधना कुठे कमी पडली?' असे तिने विचारले होते. भगिनी, एक्केचाळीस रुग्ण आणि दोन जणी, तिथे साधना कमी पडली नाही, माणसे कमी पडली. तुझ्या हातून जे सुटले ते एक नाव होते. उद्या ड्यूटीवर गेलीस की रजिस्टर उघड, सतराच्या जुन्या नोंदीत ते नाव सापडेल. ते एकदा मनात वाच, आजोबांना नमस्कार कर, हात धू आणि सतरावर आता जे झोपले आहेत त्यांच्याकडे जा. जाताना त्यांचे नाव विचार.

जे दुसऱ्यांच्या वेदनेजवळ रात्रभर जागतात, त्या सर्वांना शांत झोप लाभो, सुरक्षित जागा लाभो आणि त्यांची काळजी घेणारे कोणीतरी लाभो, हीच प्रार्थना.